हिमायतनगरचा समुद्र

हैदराबादेत ‘सागर’ पुष्कळ आहेत. टँकबंडला हुसेनसागर, गंडिपेटला उस्मानसागर आणि त्याच्या जवळच हिमायतसागर. नावात सागर असला तरी तिन्हींचं पाणी गोडं. १९०८ साली मुसी नदीला महापूर आला, त्यानंतर पुन्हा तसं होऊ नये म्हणून १९२० साली उस्मानसागर आणि १९२७ साली हिमायतसागर तयार झाला. खारा समुद्र पाहायचा तर मच्छलीपट्टणम गाठावं लागतं, तेही जवळजवळ साडेतीनशे किलोमीटरवर. कधीकाळी ते गोवळकोंड्याचं बंदर होतं आणि त्याच्या नावातच मासा आहे.

आमच्या हिमायतनगरात मात्र एक खराखुरा खारा समुद्र आहे. तो चार फूट लांब, दीड फूट रुंद आणि दीड फूट खोल आहे. एका दातांच्या डॉक्टरांच्या दवाखान्यात, चपलांच्या रॅकशेजारी तो ठेवलेला आहे.

हिमायतनगर ज्यांनी पाहिलं नाही त्यांच्यासाठी थोडं सांगते. लिबर्टीच्या चौकातून नारायणगुड्याकडे निघालं की लागतं ते हिमायतनगर. सातव्या निजामाचे थोरले चिरंजीव आझम जाह, त्यांचं नाव मीर हिमायत अली खान. त्यांच्या नावावरून ही वस्ती वसली. लिबर्टीजवळ बालाजीचं देऊळ, मोठ्या रस्त्यावर साड्यांची आणि दागिन्यांची दुकानं, सकाळी मिनर्व्हामध्ये इडली आणि फिल्टर कॉफीसाठी गर्दी, आणि दोन्ही बाजूंना नंबर लावलेल्या गल्ल्या. पत्ता विचारला तर आमच्याकडे लोक गल्लीचं नाव सांगत नाहीत, ‘स्ट्रीट नंबर’ सांगतात. आंगण आणि आंब्याचं झाड असलेले जुने बंगले आता मोजकेच उरलेत. त्यांच्या जागी पाच-पाच मजल्यांच्या इमारती आल्या. अशाच एका इमारतीत आम्ही राहतो.

गेल्या वर्षी आमच्या आठ वर्षांच्या लेकीचा दुधाचा दात हलत होता आणि पडत नव्हता. म्हणून त्या दवाखान्यात गेलो. आमचा नंबर यायला वेळ होता. लेक घाबरून माझ्या ओढणीत तोंड खुपसून बसली होती. मग तिची नजर त्या काचेच्या टाकीकडे गेली आणि ती ओरडलीच, “आई, निमो!”

केशरी अंगावर तीन पांढरे पट्टे, पट्ट्यांना काळी किनार. बोटाएवढे दोन मासे एका मऊ, झुलणाऱ्या गुच्छात शिरत होते, बाहेर येत होते, पुन्हा शिरत होते. तो गुच्छ वनस्पतीसारखा दिसतो, पण असतो प्राणी. त्याला सी ॲनिमोन म्हणतात, मराठीत समुद्रफूल. मासा म्हणजे क्लाऊनफिश, आपला विदूषक मासा. २००३ साली ‘फाइंडिंग निमो’ हा सिनेमा आला आणि जगातल्या सगळ्या मुलांना या माशाचं नाव पाठ झालं.

दवाखान्यातल्या मदतनीस ताईंनी सांगितलं, टाकीत अडीचशे लिटर पाणी आहे. समुद्राच्या पाण्यात लिटरमागे साधारण पस्तीस ग्रॅम क्षार असतात. म्हणजे ही टाकी पहिल्यांदा भरताना जवळजवळ नऊ किलो मीठ लागलं. हे स्वयंपाकाचं मीठ नाही, त्यासाठी खास मीठ पिशव्यांतून येतं. दर पंधरा दिवसांनी थोडं पाणी काढायचं, नवीन पाणी मीठ घालून तयार करायचं. लेकीने सगळं ऐकून घेतलं. दात कधी निघाला ते तिला कळलंसुद्धा नाही. बाहेर पडताना तोंडात कापूस धरून तिने जाहीर केलं, “मला वाढदिवसाला निमो पाहिजे.”

आणि मी हो म्हणाले. इथून पुढे जे झालं त्यात चूक माझी होती, हे आधीच सांगून टाकते.

वाढदिवसाच्या सकाळी मी दोन फुटी टाकी धुतली, पाणी भरलं, मीठ मोजून घातलं, पंप लावला. संध्याकाळी आम्ही दोघी माशांच्या दुकानात गेलो. दुकानदाराने जाळी हातात घेऊन विचारलं, “पानी कब बनाए, बाजी?” मी अभिमानाने सांगितलं, “आज सकाळीच.” त्याने एकदा माझ्याकडे, एकदा पोरीकडे पाहिलं आणि म्हणाला, “हल्लू हल्लू छोड़ना.” हळूहळू सोडा म्हणाला, तसं आम्ही सोडलं. पिशवी अर्धा तास पाण्यावर तरंगत ठेवली, मग थोडं थोडं पाणी मिसळलं. चार दिवस तो मासा काचेला चिकटून राहिला, नीट खाईना. पाचव्या दिवशी सकाळी तळाला आडवा पडलेला दिसला.

‘पानी कब बनाए’ या प्रश्नाचा अर्थ मला नंतर कळला. मासा पाण्यात अमोनिया सोडतो आणि तो त्याच्यासाठीच विष असतो. वाळूत, दगडांवर, फिल्टरमध्ये काही जिवाणू वाढतात. ते अमोनियाचं आधी नायट्राइट करतात, मग नायट्रेट. नायट्रेट पुष्कळच कमी घातक. हे जिवाणू पुरेसे वाढायला चार ते सहा आठवडे लागतात. तोवर पाणी कितीही स्वच्छ दिसलं तरी ते मुरलेलं नसतं. लोणचं घातलं की लगेच वाढत नाही, हे मला आईने शिकवलं होतं. पाण्याच्या बाबतीत ते सुचलं नाही.

मासा आम्ही गॅलरीतल्या जास्वंदीच्या कुंडीत पुरला. लेक रडली नाही. तिने फक्त विचारलं, “आई, त्याच्या घरचे त्याला शोधत असतील का?”

सिनेमात बाप मुलाला शोधत अख्खा समुद्र पालथा घालतो, म्हणून तिला तसं वाटलं. मला उत्तर देता आलं नाही. त्या रात्रीपासून मी या माशाबद्दल मिळेल ते वाचायला लागले.

वाचलं ते सिनेमापेक्षा फार वेगळं होतं. ॲनिमोनच्या बोटांना विषारी काटेरी पेशी असतात. दुसरा लहान मासा जवळ गेला तर संपलाच. क्लाऊनफिशच्या अंगावरचा बुळबुळीत थर त्याला वाचवतो, म्हणून तो तिथे बिनधास्त राहतो. त्याला घर मिळतं. तो घराभोवती येणाऱ्या माशांना हुसकावतो आणि त्याच्या मलमूत्रातून ॲनिमोनला अन्न मिळतं. एकदा घर मिळालं की हा मासा त्यापासून चार हात लांब जात नाही. बहुतेक सगळं आयुष्य त्या एका ॲनिमोनच्या आसपास. आणि आयुष्य काही लहान नाही. टाकीत नीट सांभाळलेले क्लाऊनफिश वीस वर्षंही जगल्याच्या नोंदी आहेत. आमचा पाच दिवस.

एका ॲनिमोनमध्ये एक कुटुंब असतं. सगळ्यात मोठी ती मादी, घरची कारभारीण. दुसऱ्या नंबरचा तिचा नर. बाकीचे लहान मासे रांगेत, आपापल्या नंबरावर. मादी मेली तर दुसरी मादी बाहेरून येत नाही. नरच मादी होतो आणि रांगेतला पुढचा मासा नर होतो. हे ऐकून आमच्या सासूबाई खो-खो हसल्या. “म्हणजे निमोची आई गेल्यावर त्याचा बापच आई झाला असता की!” खरंच तसं झालं असतं. अंडी सांभाळण्याचं काम मात्र बहुतेक बापाचं. तो पंखांनी पाणी वारतो, खराब अंडी तोंडाने काढून टाकतो. आठवडाभराने अंधार पडल्यावर पिल्लं बाहेर येतात.

आणि बाहेर आली की निघून जातात. मला थांबायला लावलं ते या गोष्टीने. ती इवलीशी पिल्लं आईबापांच्या घरात राहत नाहीत. पाण्याच्या प्रवाहाबरोबर दहा-बारा दिवस वाहत जातात. बहुतेक कोणाच्या तरी तोंडी पडतात. जी वाचतात ती एखाद्या प्रवाळाजवळ पोहोचतात, वासावरून ॲनिमोन शोधतात आणि त्या घरात रांगेच्या शेवटी जाऊन उभी राहतात. म्हणजे एका घरात राहणारे हे मासे सहसा एकमेकांच्या नात्याचेही नसतात. वाहत आले, जागा मिळाली, आणि तिथलेच झाले.

हे मी जेवताना सांगत होते, तेव्हा सासूबाई नातीला म्हणाल्या, “तुझे पणजोबाही असेच आले.” आमचं मूळ गाव नांदेड जिल्ह्यातलं. त्या गावाचं नावही हिमायतनगरच, जुनं नाव वाढोणा. नांदेड तेव्हा निजामाच्याच राज्यात होतं. पणजोबा शिकायला म्हणून हैदराबादेत आले, जांबबागेतल्या विवेकवर्धिनीत. ही शाळा १९०७ सालची, इथल्या कितीतरी मराठी घरांना तिने आधार दिला. शिक्षण झालं, नोकरी लागली, इथेच संसार झाला. १९४८ साली निजामाचं राज्य गेलं. १९५६ साली मराठवाडा मुंबई राज्याला जोडला गेला आणि पणजोबांचं हिमायतनगर एका राज्यात, आमचं हिमायतनगर दुसऱ्या राज्यात, असं झालं. ते परत गेले नाहीत. “सुरुवातीला रांगेत शेवटी उभे होते,” सासूबाई म्हणाल्या. लेक खूप वेळ गप्प होती. मग म्हणाली, “म्हणजे त्याला घरचे शोधत नसतील. त्याची जागा दुसऱ्याला मिळाली असेल.” मला ते उत्तर सुचलं नसतं.

पण तिचा पुढचा प्रश्न अवघड होता. “तो आला कुठून?”

दुसऱ्या दिवशी आम्ही दुकानात जाऊन तेच विचारलं. “चेन्नई से,” दुकानदार म्हणाला. “त्याच्या आधी?” “समंदर से होगा, बेटा. या फिर फार्म से. मेरेकू क्या मालूम.” तो खोटं बोलत नव्हता. त्याला खरंच माहीत नव्हतं, कारण आजवर कोणी विचारलंच नव्हतं. आणि मी तर पैसे देऊन मोकळी झाले होते.

हा प्रश्न का विचारायचा, ते सांगते. क्लाऊनफिशची पैदास माणसाला जमते. समुद्री शोभेच्या माशांत तो त्यातल्या त्यात सोपा समजला जातो. जोडी मातीच्या कुंडीच्या आतल्या बाजूला किंवा फरशीच्या तुकड्यावर अंडी घालते. पिल्लांना आधी रोटिफर नावाचे सूक्ष्म जीव देतात, मग आर्टेमियाची बारीक पिल्लं. आपल्याकडे केंद्रीय सागरी मत्स्य संशोधन संस्थेने ही पद्धत बसवली आहे. नवी मुंबईत ऐरोलीच्या किनारी व सागरी जैवविविधता केंद्रातही क्लाऊनफिशची पैदास होते. असा मासा टाकीतच जन्मलेला असतो. तो कोरडं खाणं लगेच खातो आणि टिकतोही जास्त. दुसरा मार्ग म्हणजे समुद्रातून पकडणं. फिलिपाइन्स, इंडोनेशियाकडे काही ठिकाणी प्रवाळाच्या कपारीत सायनाइडची पिचकारी मारून मासे गुंगवत आले आहेत. मासा हाताला लागतो, पण आजूबाजूचं प्रवाळही मरतं. दुकानातल्या पिशवीत दोन्ही मासे सारखेच दिसतात. फरक फक्त विचारल्यावर कळतो.

टाकी रिकामीच राहिली. दिवाळीच्या सुट्टीत मालवणला जायचं ठरत होतं. लेकीने लगेच विचारलं, “तिथे निमो असेल?” मी खरं ते सांगितलं. निमोच्या जातीचा मासा आपल्याकडे अंदमानात आहे. त्याच्या भाऊबंद जाती लक्षद्वीपला आणि तमिळनाडूजवळ मन्नारच्या आखातात आहेत. मालवणला तो दिसेल असं धरून चालू नको. पण मालवणला प्रवाळ आहे. माशाचं घर कसं असतं ते बघायला मिळेल. तिने विचार केला आणि म्हणाली, “घर बघू.”

सोलापूर, कोल्हापूर आणि पुढे फोंडा घाट उतरून मालवण, सुमारे सातशे किलोमीटर. आम्ही दोन दिवसांत पोहोचलो. सिंधुदुर्ग किल्ल्याची तटबंदी किनाऱ्यावरूनच दिसते. शिवाजी महाराजांनी १६६४ साली या किल्ल्याचं काम सुरू केलं, ते १६६७ साली पुरं झालं. आपल्यापैकी बहुतेकांनी किल्ला पाहिला आहे. पण त्याच्या आसपास पाण्याखाली प्रवाळ आहे आणि तो भाग १९८७ पासून मालवण सागरी अभयारण्य आहे, हे मला चाळिशी आली तरी माहीत नव्हतं. आणखी एक गोष्ट तिथेच कळली. विजयदुर्गापासून शंभर किलोमीटरवर, भर समुद्रात, पाण्याखाली एक मोठं पठार आहे आणि त्यावर प्रवाळ आहे. त्याचं नाव आंग्रिया बँक, कान्होजी आंग्र्यांच्या नावावरून.

होडीतून आम्हाला किल्ल्याजवळ नेलं. लेकीला लाइफ जॅकेट, डोळ्यांना मास्क, तोंडात नळी. पाण्यात उतरताना तिने माझा हात घट्ट धरला. तो होडीवाला मुलगा विशीतलाच असेल. तो म्हणाला, “घाबरा नको गे बाय, डोका खाली घाल नि बघ.” तिने डोकं खाली घातलं. मग एकदम माझा हात सोडून दिला.

पाणी दवाखान्यातल्या टाकीसारखं नितळ नव्हतं. थोडं हिरवट, थोडं गढूळ. खाली तपकिरी, पिवळसर खडक होते आणि काही खडक जवळून पाहिले तर खडक नव्हते. बारीक बारीक छिद्रांची नक्षी असलेलं जिवंत प्रवाळ. आणि मग पट्टेवाले मासे आले. पाठ पिवळी-हिरवी, अंगावर पाच काळे उभे पट्टे, तळहाताएवढे. यांना सार्जंट मासा म्हणतात, हवालदाराच्या बाहीवर असतात तसे पट्टे म्हणून. ते क्लाऊनफिशच्याच कुळातले. म्हणजे निमो भेटला नाही, पण निमोचे चुलत भाऊ दहा-वीसच्या संख्येने आमच्या मास्कसमोर येऊन उभे राहिले.

ते का आले तेही लगेच कळलं. शेजारच्या होडीतून ब्रेडचे तुकडे टाकत होते. सगळे मासे तिकडे पळाले. आमच्या होडीतही ब्रेडचं पाकीट होतं. मुलाने ते लेकीपुढे धरलं. ती म्हणाली, “समुद्रात ब्रेड कुठे असतो?” तो हसला आणि पाकीट बाजूला ठेवून म्हणाला, “पर्यटकांका मासे दिसूक होये ना. मासे दिसले नाय तर ते गावात जाऊन सांगतत, मालवणात काय नाय.” त्याचं म्हणणंही खोटं नव्हतं. त्याचं पोट त्या पाण्यावर आहे. पण त्यानेच आम्हाला एक गोष्ट पुन्हा पुन्हा बजावली, खाली पाय टेकायचा नाही. “तां जिता हा,” तो म्हणाला. ते जिवंत आहे. एक प्रवाळ हाताएवढं व्हायला वर्षानुवर्षं लागतात आणि एका टाचेने ते मोडतं. प्रवाळ तोडणं, विकणं, घरी आणणं तर गुन्हाच आहे. २००१ पासून प्रवाळाला वन्यजीव कायद्यात वाघाच्या बरोबरीने पहिल्या अनुसूचीत जागा मिळाली आहे.

एक सार्जंट मासा मात्र ब्रेडकडे गेलाच नाही. एका खडकाच्या भिंतीपुढे तो एकटाच घिरट्या घालत होता. दुसरा मासा जवळ आला की अंगावर धावून जात होता. “अंडी आसतीत,” होडीवाला म्हणाला. या कुळात अंडी बापच राखतो. लेक पाण्यातून वर येऊन नळी काढून ओरडली, “आई, बाबा मासा ड्युटीवर आहे!” होडीत बसलेले तिचे बाबा, ज्यांना पाण्याची भीती वाटते, उगीचच ताठ झाले.

परत आल्यावर हैदराबाद मला थोडं वेगळं दिसायला लागलं. या शहराचा आणि समुद्राचा संबंध नाही असं मी आयुष्यभर धरून चालले होते. पण विमानतळाच्या रस्त्यावर राष्ट्रीय मत्स्यविकास मंडळाची इमारत चक्क माशाच्या आकाराची आहे, ती मुलांनी तर हमखास पाहिलेली असते. मृगाच्या सुरुवातीला नामपल्लीच्या मैदानात दम्याच्या औषधासाठी माशाचा प्रसाद घ्यायला हजारो लोक येतात. शहर वसवणाऱ्या मुहम्मद कुली कुतुबशहाने हे शहर माशांनी भरलेल्या समुद्रासारखं माणसांनी भरू दे अशी प्रार्थना केली होती, असं जुने हैदराबादी अभिमानाने सांगतात. आणि वायव्येला प्रगतीनगरात ‘इन्कॉइस’ आहे, भारतीय राष्ट्रीय महासागर माहिती सेवा केंद्र. १९९९ साली ते सुरू झालं. त्सुनामीचा इशारा देशाला तिथूनच मिळतो. मासे कुठे सापडतील याचा अंदाजही कोळ्यांना तिथूनच जातो.

आणि तिथूनच प्रवाळाचा ताप मोजला जातो. समुद्राचं पाणी नेहमीच्या उन्हाळ्यापेक्षा अंशभराने जरी जास्त तापलं आणि तसंच काही आठवडे राहिलं, तर प्रवाळ आपल्या अंगातलं सूक्ष्म शेवाळ बाहेर टाकतं आणि पांढरं पडतं. त्याचा रंगही त्या शेवाळाचा आणि बरंचसं अन्नही त्याचंच. पाणी लवकर निवलं तर प्रवाळ सावरतं, नाहीतर मरतं. ॲनिमोनचंही तसंच होतं, आणि मग त्यातल्या माशांना घर उरत नाही. १९९८, २०१०, २०१६ आणि २०२४ साली आपल्याकडच्या समुद्रांत असं झालं. इन्कॉइस उपग्रहांच्या मदतीने अंदमान, निकोबार, लक्षद्वीप, कच्छ आणि मन्नारच्या पाण्याचं तापमान पाहतं आणि कुठल्या प्रवाळाला धोका आहे याचा इशारा देतं. समुद्रापासून तीनशे किलोमीटरवर बसून. लेकीने तो नकाशा संगणकावर उघडला आणि अंदमानावर बोट ठेवलं. “निमोला ताप नाही ना?” आता दर उन्हाळ्यात ती हे बघते. हैदराबादचा पारा बेचाळिसावर गेला की तिला आधी अंदमान आठवतं.

आता आमच्या टाकीचं काय झालं ते सांगते. आम्ही ती पुन्हा भरली, पण मासा आणला नाही. सहा आठवडे नुसतं खारं पाणी, वाळू, दगड, आणि रोज चिमूटभर माशांचं खाणं. खाणं कुजून अमोनिया झाला आणि जिवाणू वाढायला लागले. लेकीने एका वहीत रोज तारीख आणि चाचणीच्या नळीतला रंग लिहिला. अमोनिया हिरवा, मग फिका, मग पिवळा. शेजारच्या तेलुगू आंटी येऊन विचारायच्या, “चेपलु कुठे?” आणि ही त्यांना सांगायची, “आंटी, अजून पाणी शिजतंय.” सव्वीस-सत्तावीस अंशांच्या वर पाणी जाऊ नये म्हणून पंख्याची सोय केली. मे महिन्यात वीज जाते, तेव्हा पंप चालावा म्हणून इन्व्हर्टर. एवढ्या खर्चात घरच्या चौघांची मालवणची दुसरी फेरी झाली असती, असं नवऱ्याने हिशोब करून दाखवलं. हिशोब बरोबर होता. म्हणूनच तुमच्या मुलांनी मासा मागितला तर लगेच हो म्हणू नका. सहा आठवडे नुसती टाकी सांभाळून दाखव म्हणा. बऱ्याच जणांचा हट्ट तिथेच संपतो, आणि ते माशासाठी बरंच असतं.

आमच्या लेकीचा संपला नाही. सातव्या आठवड्यात आम्ही त्याच दुकानात गेलो. दुकानदाराने आम्हाला पाहिल्यावर मी तोंड उघडायच्या आधीच सांगितलं, “पूछ के रखा हूँ, बाजी. ये दोनों फार्म के हैं. कागद भी है.” त्याने खरंच बिल दाखवलं. बोटाच्या पेराएवढे दोन मासे. “पानी कब बनाए?” त्याने विचारलं. लेकीने वही त्याच्यापुढे ठेवली. त्याने चष्मा लावून पानं उलटली आणि म्हणाला, “अब ले जाओ.”

या गोष्टीला आता पाच महिने झाले. ॲनिमोन आम्ही आणला नाही. टाकीत जन्मलेल्या क्लाऊनफिशला त्याच्यावाचून चालतं, आणि ॲनिमोन सांभाळणं आमच्या आवाक्यातलं नाही. त्याऐवजी एक लहानशी मातीची कुंडी आडवी ठेवली आहे. दोघं रात्री त्यातच झोपतात. त्यातला एक आता दुसऱ्यापेक्षा दिसण्याइतका मोठा झाला आहे, म्हणजे तीच पुढे घरची कारभारीण होणार. लेकीने नावं ठेवली आहेत, थोरली आणि धाकटा. सासूबाई संध्याकाळी दिवा लावला की टाकीजवळ खुर्ची ओढून बसतात. म्हणतात, थोरली त्यांच्या सासूबाईंसारखी बघते.

कधी हिमायतनगरला आलात तर नक्की या. चहा घ्या, समुद्र बघा. काचेवर टकटक मात्र करू नका.